डू.कॉल वापरलं की कोड का अडकतो? आरमधल्या नेहमीच्या दुखण्यावर उपाय

तक्रार बहुतेक वेळा एकाच तऱ्हेची असते. आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत एखादं फंक्शन थेट कॉल केलं की ते चटकन उत्तर देतं. तेच फंक्शन, तोच डेटा, फक्त आर्ग्युमेंट्स आधी लिस्टमध्ये भरून डू.कॉलच्या (लिस्टमधली आर्ग्युमेंट्स देऊन फंक्शन चालवणाऱ्या फंक्शनच्या) हवाली केली की कन्सोल गोठतो. कधी काम वेळेत होतं, पण निकाल छापायला गेलं की स्क्रीनवरून आकड्यांचे लोंढे वाहायला लागतात. मग «डू.कॉल स्लो आहे, वापरू नका» असा सल्ला मिळतो. तो सल्ला मला पटत नाही, कारण डू.कॉल स्वतः जवळजवळ काहीच वेळ घेत नाही. वेळ दुसरीकडे जातो आणि तो नेमका कुठे जातो हे कळलं की उपाय दोन-चार ओळींचा असतो.

(खालच्या कोडमध्ये आरची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग घ्यायचं.)

आधी लक्षणं तपासा

एलएमने (रेषीय मॉडेल बसवणाऱ्या फंक्शनने) बसवलेलं मॉडेल छापलं की «कॉल» या शीर्षकाखाली तुमची अख्खी डेटा फ्रेम, म्हणजे डेटाचा तक्ता, आकड्यांच्या रूपात उतरते. आलेख काढला की अक्षावर कॉलमच्या नावाऐवजी «सी(०.४१, १.७३, २.०८…» असं भेंडोळं दिसतं. एरर आली तर ओळीच्या सुरुवातीला फंक्शनचं नाव नसतं, «(फंक्शन (एक्स, वाय)» असा मजकूर असतो. ट्रेसबॅक, म्हणजे एररपर्यंत पोचलेल्या कॉलची यादी, मागितला की एडिटर मान टाकतो. मॉडेल फाइलमध्ये जतन केलं तर फाइल अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठी होते.

यातलं एक जरी दिसत असेल तरी मूळ कारण तेच. खात्री करायची असेल तर वेळ कुठे जातो हे नोंदवणारं आरप्रॉफ चालू करून संथ भाग एकदा चालवा आणि समरीआरप्रॉफचा तक्ता बघा. डीपार्स किंवा डीपार्स१ (कोड मजकुरात उतरवणारी फंक्शनं) वरच्या ओळींत असेल, तर निदान झालं. तिथे आरबाइंड.डेटा.फ्रेम दिसत असेल तर आजार वेगळा आहे, त्यावर पुढे लिहिलं आहे.

कारण: नावाऐवजी अख्खी वस्तू कॉलमध्ये जाते

आरमध्ये फंक्शनला आर्ग्युमेंट मिळतं तेव्हा त्याच्यासोबत किंमत तर येतेच, पण ती किंमत ज्यातून निघाली तो मजकूरही येतो. एलएम(वाय ~ एक्स, डेटा = मोठा) असं लिहिलं (यातला «वाय ~ एक्स» हा फॉर्म्युला, म्हणजे वाय हे एक्सवरून काढा) तर एलएमला डेटा मिळतो आणि तो «मोठा» या नावाने दिला होता हेही कळतं. सब्स्टिट्यूट आणि मॅच.कॉल ही फंक्शनं याच माहितीवर चालतात. आलेखाच्या अक्षाला आपोआप नाव मिळतं ते यामुळेच.

डू.कॉल(एलएम, लिस्ट(वाय ~ एक्स, डेटा = मोठा)) लिहिलं की चित्र बदलतं. लिस्ट तयार होतानाच «मोठा» हे नाव गळून पडतं. लिस्टमध्ये उरते ती डेटा फ्रेम. डू.कॉल त्या लिस्टमधून नवा कॉल रचतं आणि त्यात नावाच्या जागी ती डेटा फ्रेमच बसवतं. पहिल्या आर्ग्युमेंटचंही तसंच. तिथे एलएम हे नाव नाही, एलएम फंक्शनचा पूर्ण कोड बसतो. एररच्या ओळीत «(फंक्शन (एक्स, वाय)» दिसतं ते त्यामुळे.

इथपर्यंत काहीच महाग नाही. आर त्या डेटाची प्रत करत नाही, फक्त त्याच्याकडे बोट दाखवतो. खर्च होतो तो कोणीतरी हा कॉल मजकुरात उतरवायला घेतल्यावर, म्हणजे डीपार्स केल्यावर. नाव डीपार्स करायचं तर एक शब्द लिहायचा असतो. दहा लाख आकड्यांचा व्हेक्टर डीपार्स करायचा तर दहा लाख आकडे अक्षरांत लिहावे लागतात.

आणि डीपार्स करणारी फंक्शनं आपल्याला वाटतात त्याहून जास्त आहेत. दोन गटांच्या सरासरींची तुलना करणाऱ्या टी.टेस्टचं उदाहरण घ्या. निकालात «डेटा:» या शब्दापुढे व्हेक्टरची नावं दिसावीत म्हणून ते आत डीपार्स१ वापरतं, आणि निकाल तुम्ही छापा किंवा न छापा, हे काम होतंच. सिम्युलेशनमध्ये डू.कॉल(टी.टेस्ट, लिस्ट(अ, ब)) हजारो वेळा फिरवलं आणि तुम्हाला फक्त पी-व्हॅल्यू हवी असली, तरी प्रत्येक फेरीत दोन्ही व्हेक्टर आकड्यागणिक मजकुरात उतरतात आणि तो मजकूर निकालात साठतो. खरी आकडेमोड त्यापुढे किरकोळ असते. हिस्ट, विलकॉक्स.टेस्ट, प्लॉट यांचीही तीच गत.

पायथॉनमधून आलेल्यांना हे विचित्र वाटतं, आणि ते साहजिक आहे. तिथे दोन तारे लावून डिक्शनरी उलगडली की फंक्शनला वस्तू मिळते. कॉल करणाऱ्याने कोणता मजकूर लिहिला होता याची विचारपूस फंक्शन करत नाही. आरमध्ये ती करता येते, म्हणून फॉर्म्युला आणि आपोआप येणारी लेबलं शक्य झाली. हा त्या सोयीचाच दुसरा भाग आहे.

पहिला उपाय: डू.कॉल खरंच हवं आहे का?

आर्ग्युमेंट्स कोणती आणि किती हे कोड लिहितानाच माहीत असेल तर डू.कॉलची गरज नाही. वरच्या सिम्युलेशनमध्ये टी.टेस्ट(आर्ग$अ, आर्ग$ब) असं सरळ लिहा (आर्ग म्हणजे अ आणि ब ठेवलेली लिस्ट). मग डीपार्सला सापडतो तो «आर्ग$अ» एवढाच मजकूर. काम मिटलं. डू.कॉलची खरी जागा म्हणजे आर्ग्युमेंट्सची संख्या किंवा नावं प्रोग्रॅम चालतानाच ठरतात तिथे. सेटिंगच्या फाइलमधून पर्याय वाचले, वापरणाऱ्याने काही दिले काही नाही, किंवा किती तुकडे जोडायचे हे आधी ठाऊक नाही, अशा ठिकाणी ते लागतंच.

दुसरा उपाय: फंक्शनचं नाव अवतरणात, डेटा क्वोटमध्ये

मॉडेल बसवणाऱ्या फंक्शनांसाठी मी हाच उपाय सांगेन:

आर्ग <- लिस्ट(फॉर्म्युला = वाय ~ एक्स, डेटा = क्वोट(मोठा))
फिट <- डू.कॉल("एलएम", आर्ग)

दोनच बदल आहेत. एलएम अवतरणचिन्हांत दिल्यामुळे कॉलमध्ये फंक्शनचा कोड न जाता नाव जातं. आणि क्वोट(मोठा) दिल्यामुळे लिस्टमध्ये डेटा फ्रेमऐवजी नुसतं नाव साठतं. डू.कॉल कॉल चालवतं तेव्हा ते नाव उलगडून डेटा मिळतोच. व्हेरिएबलचं नाव स्ट्रिंगमध्ये असेल तर क्वोटऐवजी अ‍ॅज.नेम वापरा.

फॉर्म्युला मात्र क्वोट केलेला नाही, हे मुद्दाम. फॉर्म्युला छोटा असतो आणि तो कॉलमध्ये प्रत्यक्ष दिसलेलाच बरा. लूपमध्ये दहा फॉर्म्युले फिरवून थेट एलएम(एफ, डेटा = मोठा) लिहिलं तर दहाही मॉडेलांच्या कॉलमध्ये «फॉर्म्युला = एफ» एवढंच दिसतं आणि कोणतं मॉडेल कोणतं हे कळत नाही. डू.कॉलने फॉर्म्युला खरा आणि डेटा नावाने गेला की छापलेला कॉल वाचण्याजोगा होतो. म्हणजे वस्तू कॉलमध्ये बसवण्याची जी सवय डेटाच्या बाबतीत नडते, तीच फॉर्म्युल्याच्या बाबतीत कामाला येते. बीक्वोटने कॉल रचून (त्यात .() मधल्या जागी खरी किंमत बसते) इव्हॅलने चालवला तरी हेच साधतं: इव्हॅल(बीक्वोट(एलएम(.(एफ), डेटा = मोठा))). चवीचा प्रश्न आहे. मला हे दुसरं वाचायला सोपं वाटतं.

वेट्ससारखं आर्ग्युमेंट डेटातल्या कॉलमवरून घ्यायचं असेल तर तेही क्वोट(वजन) असंच द्या.

या पद्धतीची एक किंमत आहे. अपडेट(फिट) चालवलं की आर साठवलेला कॉल पुन्हा चालवतो. कॉलमध्ये नुसतं नाव असेल तर त्या वेळी, त्या जागी «मोठा» नावाची वस्तू सापडायला हवी. मॉडेल एका फंक्शनच्या आत बसवून बाहेर पाठवलं असेल तर ती सापडणार नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्याच नावाची भलतीच वस्तू सापडेल. अख्खा डेटा कॉलमध्ये असताना ही अडचण येत नव्हती. अपडेट वारंवार लागत असेल तर हा विचार करूनच बदल करा.

मॉडेल आधीच बसवून झालं आहे आणि परत चालवायला तास लागतील अशी अवस्था असेल, तर नंतरही डागडुजी होते:

फिट$कॉल$डेटा <- क्वोट(मोठा)

त्यानंतर समरी छापताना डेटाचा लोंढा येत नाही. जतन केलेली फाइलही आटोपशीर होते. मेमरीत एकच व्हेक्टर दोन ठिकाणांहून वापरला जात असला तरी फाइलमध्ये लिहिताना आर तो दोनदा लिहितो, आणि एलएम मॉडेल फ्रेम वेगळी ठेवतच असतं. डेटाची कॉलमधली नक्कल गेली की तेवढा भार उतरतो.

तिसरा उपाय: सगळीच आर्ग्युमेंट्स नावाने पाठवणारं छोटं फंक्शन

लिस्टमध्ये काय येईल हे आधी माहीत नसेल तर एकेक आर्ग्युमेंट क्वोट करत बसणं शक्य नाही. अशा वेळी लिस्टमधल्या वस्तू एका एन्व्हायर्नमेंटमध्ये (नावं आणि त्यांच्या किंमती ठेवण्याच्या जागेत) तात्पुरत्या नावांनी ठेवायच्या आणि कॉल त्या नावांचा रचायचा:

नावाने_कॉल <- फंक्शन(काम, आर्ग) {
  घर <- पॅरेंट.फ्रेम()
  खुणा <- एसप्रिंटएफ("आर्ग%डी", सीक_अलाँग(आर्ग))
  जागा <- लिस्ट२एन्व्ह(सेटनेम्स(आर्ग, खुणा), पॅरेंट = घर)
  चिन्हं <- एलअ‍ॅप्लाय(खुणा, अ‍ॅज.नेम)
  नेम्स(चिन्हं) <- नेम्स(आर्ग)
  इव्हॅल(अ‍ॅज.कॉल(सी(लिस्ट(अ‍ॅज.नेम(काम)), चिन्हं)), जागा)
}

आता नावाने_कॉल("टी.टेस्ट", लिस्ट(अ, ब)) चालवलं तर टी.टेस्टला दिसतं «आर्ग१ आणि आर्ग२». डीपार्सला दोन शब्द लिहायचे, बस्स. खुणांसाठी पेस्ट० न घेता एसप्रिंटएफ घेतलं आहे, कारण लिस्ट रिकामी असली तर एसप्रिंटएफ रिकामा व्हेक्टर देतं. पेस्ट० मात्र तिथेही एक स्ट्रिंग देतं आणि पुढची ओळ एरर देऊन थांबते.

दोन ठिकाणी हे फंक्शन डू.कॉलसारखं वागत नाही. लिस्टमध्ये क्वोट केलेलं नाव घातलं तर डू.कॉल ते उलगडतं, हे उलगडत नाही. फंक्शनला नुसतं नावच मिळतं. आणि एलएम, जीएलएम यांच्या वेट्स किंवा सबसेटसाठी हे वापरू नका. ती आर्ग्युमेंट्स आधी डेटामध्ये आणि मग फॉर्म्युल्याच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये शोधली जातात. «आर्ग३» तिथे नसतो, त्यामुळे «ऑब्जेक्ट सापडला नाही» अशी एरर येते. मॉडेलांसाठी दुसरा उपाय, बाकीच्यांसाठी हा.

ट्रेसबॅकचा लोंढा एवढीच डोकेदुखी असेल तर यातलं काहीही न करता ट्रेसबॅक(मॅक्स.लाइन्स = १) मागा. प्रत्येक कॉलची एकच ओळ दिसेल.

आरबाइंडचा संथपणा वेगळा

तक्त्यांचे तुकडे एकाखाली एक जोडणारी डू.कॉल(आरबाइंड, तुकडे) ही ओळ जगातल्या अर्ध्या आर स्क्रिप्टमध्ये असावी, आणि तीही «डू.कॉल स्लो आहे» या तक्रारीत सापडते. पण इथे डीपार्सचा संबंध नाही. तुकडे डेटा फ्रेम असतील तर काम आरबाइंड.डेटा.फ्रेमकडे जातं. ते प्रत्येक तुकड्याचे कॉलम नावाने जुळवतं, फॅक्टरच्या (ठरावीक गटांच्या कॉलमच्या) लेव्हल्स, म्हणजे गटांची नावं, एकत्र करतं, ओळींची नावं एकमेकांपेक्षा वेगळी ठेवण्याची खटपट करतं. हजारो छोटे तुकडे असले की वेळ तिथे जातो.

डेटा.टेबल या पॅकेजमधलं आरबाइंडलिस्ट किंवा डीप्लायर या पॅकेजमधलं बाइंड_रोज वापरा. दोन्ही लिस्ट थेट घेतात, म्हणजे डू.कॉलच उरत नाही. आरबाइंडलिस्टला फिल = ट्रू दिलं तर काही तुकड्यांत कमी असलेले कॉलम रिकामे भरले जातात. आयडीकॉल दिलं तर कोणती ओळ कुठल्या तुकड्यातून आली याचा कॉलम मिळतो. बेस आरवरच, म्हणजे पॅकेजं न घेता, थांबायचं असेल तर मेक.रो.नेम्स = फॉल्स द्या. लिस्टला नावं असतील तेव्हा ओळींना चिकटणारी «पुणे.१, पुणे.२» छापाची नावंही त्याने जातात. तुकडे मॅट्रिक्स किंवा साधे व्हेक्टर असतील तर डू.कॉल(आरबाइंड, …) उत्तम चालतं, हात लावू नका.

मात्र डू.कॉल नको म्हणून लूपमध्ये एकेक तुकडा जोडत जाणं किंवा रिड्यूस(आरबाइंड, तुकडे) लिहिणं हा आगीतून फुफाट्यात जाण्याचा प्रकार आहे. प्रत्येक फेरीत आधीचा सगळा तक्ता पुन्हा नकलला जातो. १०० ओळींचे १००० तुकडे असतील तर एकदम जोडताना १ लाख ओळी हलतात. एकेक जोडताना ५ कोटींहून जास्त. रिड्यूसची जागा मर्जसारख्या एका वेळी दोनच तक्ते घेणाऱ्या फंक्शनांसाठी.

लिस्ट बांधतानाच होणारे घोटाळे

वेगाशी संबंध नाही, पण डू.कॉलच्या तक्रारींत यांचीच संख्या मोठी असते, म्हणून इथेच उरकतो.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे लिस्टला डेटा फ्रेम सी() ने जोडणं. सी(लिस्ट(फॉर्म्युला = वाय ~ एक्स), डेटा = मोठा) लिहिलं की डेटा फ्रेम एक वस्तू म्हणून जात नाही. ती स्वतःच कॉलमांची लिस्ट असल्याने उलगडते आणि «डेटा.एक्स», «डेटा.वाय» अशी आर्ग्युमेंट्स तयार होतात. एलएम यावर थांबतही नाही. जास्तीच्या आर्ग्युमेंट्सकडे दुर्लक्ष केल्याची वॉर्निंग देतं, आणि एक्स-वाय नावाचे व्हेक्टर वर्कस्पेसमध्ये असतील तर त्यांच्यावर मॉडेल बसवून मोकळं होतं. उत्तर येतं, पण भलत्याच डेटाचं. सी(…, लिस्ट(डेटा = मोठा)) लिहा.

नल, म्हणजे «काहीच नाही» ही किंमत, पाठवायचं असेल तर आर्ग$रंग <- नल लिहू नका. त्याने ते आर्ग्युमेंट लिस्टमधून पुसलं जातं आणि फंक्शन आपली डिफॉल्ट किंमत घेतं. आर्ग["रंग"] <- लिस्ट(नल) लिहा. डिफॉल्ट पर्यायांवर वापरणाऱ्याचे पर्याय चढवायला मॉडिफायलिस्ट सोयीचं, पण तेही नल दिसलं की तो घटक काढून टाकतं. कीप.नल = ट्रू द्यायला विसरू नका.

«दुसरं आर्ग्युमेंट लिस्टच हवं» अशी एरर आली तर तुम्ही व्हेक्टर दिला आहे. अ‍ॅज.लिस्टने भागतं. आणि डू.कॉल म्हणजे एलअ‍ॅप्लाय नव्हे: एलअ‍ॅप्लाय प्रत्येक घटकासाठी फंक्शन एकेकदा कॉल करतं, डू.कॉल सगळे घटक एकाच कॉलमध्ये देतं. डू.कॉल(सम, लिस्ट(१, २, ३)) चं उत्तर ६ येतं म्हणून मीनकडून २ ची अपेक्षा धरली तर १ मिळतो. मीन फक्त पहिल्या आर्ग्युमेंटची सरासरी काढतं. २ जातो ट्रिमला, ३ जातो एनए.आरएमला, आणि एररही येत नाही. इथे मीन(अनलिस्ट(यादी)) हवं. पण तारखांची लिस्ट असेल तर अनलिस्ट तारखांचे नुसते आकडे करून टाकतं. तिथे मात्र डू.कॉल("सी", तारखा) हेच बरोबर, कारण त्यात तारीख तारीखच राहते.

शेवटचा घोटाळा नावांचा. लिस्टमधल्या घटकाचं नाव हेच आर्ग्युमेंटचं नाव होतं, त्यामुळे डेटा फ्रेम थेट लिस्ट म्हणून दिली की कॉलमचं नाव फंक्शनच्या एखाद्या आर्ग्युमेंटशी जुळू शकतं. डू.कॉल(पेस्ट, सी(तक्ता, सेप = "-")) वर्षानुवर्षं नीट चालतं आणि एके दिवशी कोणीतरी «सेप» नावाचा कॉलम असलेली फाइल देतं. मग एकच आर्ग्युमेंट दोनदा जुळल्याची एरर येते. ऑर्डरच्या बाबतीत हा धोका जास्त खरा आहे, कारण «मेथड» हे कॉलमचं नाव डेटामध्ये सर्रास असतं. अनेक कॉलमांवर क्रम लावायचा असेल तर नावं काढूनच लिस्ट द्यावी:

क्रम <- डू.कॉल("ऑर्डर", अननेम(अ‍ॅज.लिस्ट(तक्ता[कॉलम])))